दुधाच्या वहीची मागची पानं

आमच्या घरी दुधाच्या हिशेबाची एक लांबट वही आहे. पुढून उघडली की सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट आणि रक्कम. मागून उघडली की दादाच्या पायाचा हिशेब. मागच्या बाजूची पहिली नोंद २३ ऑक्टोबर २०१९ ची आहे, अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अक्षरात: 'दुधाच्या टेम्पोवरचा पोरगा – २,०००'. त्याखाली मी – ५०,०००. त्याखाली आत्या – २०,०००. मग गुरुजी, चुलतभाऊ, सोसायटी, वहिनीच्या पाटल्या. अशी पावणेतीन पानं.

दादाचं कऱ्हाडजवळ हायवेच्या कडेला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णा-कोयनेला महापूर आला आणि नदीकाठच्या विहिरींवरच्या, नदीतून पाणी उचलायच्या जॅकवेलवरच्या मोटारी आठवडाभर पाण्याखाली राहिल्या. पूर ओसरल्यावर दादाच्या दुकानापुढे जळालेल्या मोटारींची रांग लागली. दोन महिने तो रात्री अकरा-अकरापर्यंत तांब्याची तार गुंडाळत बसायचा. २३ तारखेला, दिवाळी चार दिवसांवर असताना, एका शेतकऱ्याची मोटार बसवून तो मोटारसायकलवरून परत येत होता. सर्व्हिस रोडला उलट्या बाजूने आलेल्या कारने त्याला उडवलं. उजव्या मांडीचं हाड मोडलं, नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं.

मागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोतल्या पोराने टेम्पो आडवा लावून रहदारी थांबवली, १०८ ला फोन केला आणि ॲम्ब्युलन्समधून दादाबरोबर दवाखान्यापर्यंत गेला. तिथल्या मेडिकलमध्ये पहिल्या इंजेक्शनांचे, पट्ट्यांचे दोन हजार त्यानेच भरले. वहिनी पोचली तेव्हा दादाचा मोबाइल आणि पाकीट तिच्या हातात देऊन तो निघून गेला. दूध नासेल म्हणाला.

मी तेव्हा पुण्यात हडपसरला नोकरी करत होते. पावणेनऊच्या सुमारास वहिनीचा फोन आला. "ताई, पन्नास हजार आत्ता भरा म्हणतात. ह्यांना आत घेतलंय, सलाईन लावलंय, पण ऑपरेशनचं पैसे भरल्यावर बघू म्हणतात." माझ्या खात्यात एकतीस हजार होते. खोलीवरच्या दोन मैत्रिणींना आणि ऑफिसातल्या एका ताईंना मी 'थोडे उसने मिळतील का' असा मेसेज टाकला. त्याआधी आयुष्यात कोणाकडे पैसे मागितले नव्हते. तेवढं एक वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं, आणि त्या चार मिनिटांची लाज मला अजून वाटते. भाऊ टेबलावर पडलेला असताना मी शब्द निवडत बसले होते. साडेनऊला पैसे चुलतभावाच्या नंबरवर गेले, पावती झाली, आणि मग ऑपरेशनची तयारी सुरू झाली.

इथे एक सांगायलाच हवं. त्या दवाखान्यात उपचार कोणी नाकारले नाहीत. डॉक्टरांचा हात चांगला होता, दादा आज त्या पायावर उभा आहे. त्यांनाही इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा रॉड किंवा प्लेट, उधारीवर मिळत नाही, हे मला नंतर कळलं. पण रात्री साडेनऊला एका माणसाचा पाय आणि पन्नास हजार रुपये समोरासमोर ठेवले जातात, आणि काउंटरवरच्या मुलाला त्यात काही वावगं वाटत नाही, हे मला तेव्हाही गिळवलं नाही आणि आजही गिळवत नाही.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. १९८९ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. एका स्कूटरवाल्याला भरधाव कारने उडवलं होतं. जवळच्या दवाखान्याने, ही पोलीस केस आहे म्हणून, त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं आणि वाटेत तो गेला. त्यावर न्यायालयाने बजावलं की सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही डॉक्टरांवर तेच बंधन आहे. उपचार करा, हे कायद्याने इतक्या स्पष्टपणे सांगितलं. खर्च त्या घटकेला कोणी भरायचा, याबद्दल मात्र कित्येक वर्षं काहीच सांगितलं नव्हतं. नंतर नुकसानभरपाई मिळेल, एवढंच. त्या 'आत्ता' आणि 'नंतर' यांच्यामध्ये माझ्या वडिलांच्या वहीची पावणेतीन पानं बसतात.

दादा तेवीस दिवस दवाखान्यात होता. मांडीत रॉड घातला. नडगीची जखम उघडी होती म्हणून तिथे लगेच प्लेट बसवता येईना, त्यामुळे बाहेरून लोखंडी चौकट लावली. सळ्या कातडीतून आत हाडापर्यंत गेलेल्या. रोज ड्रेसिंग. रोज सकाळी सिस्टरच्या हातून एक चिठ्ठी यायची आणि वहिनी ती घेऊन खालच्या मेडिकलमध्ये जायची. हजार, अठराशे, कधी सहा हजार. ती प्रत्येक पावती आईने साडीच्या दुकानाच्या एका गुलाबी पिशवीत जपून ठेवली. आईला लिहिता-वाचता फारसं येत नाही, पण शिक्का मारलेला कागद टाकायचा नसतो हे तिला पक्कं ठाऊक.

नवव्या दिवशी शेजारच्या कॉटवरच्या आजींच्या मुलाने विचारलं, "तुम्ही फुल्यांच्या योजनेतनं नाही का केलं?" आम्ही केलं नव्हतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, २०१७ मध्ये तिला हे नाव मिळालं. २०१९ मध्ये पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचा उपचार तिच्यातून मोफत मिळत होता. आमचं कार्ड केशरी. घरातल्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली. पण आम्ही ज्या दवाखान्यात होतो तो योजनेच्या यादीत नव्हता, आणि ही योजना आधी मंजुरी घेऊन पैसे थेट दवाखान्याला देते; आपण भरलेलं बिल मागून परत करत नाही. यादीतला दवाखाना दहा-अकरा किलोमीटरवर होता. त्या रात्री ॲम्ब्युलन्समधल्या माणसाने वहिनीला फोनवर विचारलंही होतं, "कुठं न्यायचं?" ती म्हणाली, जवळ असेल तिथं. दुसरं काय म्हणणार?

पुढे नडगीवर कातडी लावायची वेळ आली तेव्हा आम्ही दादाला त्या यादीतल्या दवाखान्यात हलवलं. दाराशीच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल होतं. कार्ड, आधार, फोटो. दुसऱ्या दिवशी मंजुरी. जेवण आणि परतीचं एसटीभाडंही योजनेतच. घरी सोडलं त्या दिवशी वहिनी बिलाच्या खिडकीसमोर पर्स उघडून उभी होती आणि आतला माणूस तिला सांगत होता, "बाई, काही नाही भरायचं, जावा तुम्ही." तरी ती जागची हलेना. शेवटी आरोग्यमित्राने येऊन समजावलं तेव्हा निघाली. १ जुलै २०२४ पासून या योजनेत रेशनकार्डाच्या रंगाची अट राहिलेली नाही, मर्यादाही कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाली आहे. हे मी भेटेल त्याला सांगते. पाहुण्यांच्या लग्नातही सांगते.

पहिल्या दवाखान्याचं बिल ३,८६,००० झालं. वहिनीने पाटल्या काढून दिल्या. पतसंस्थेत महिना सव्वा टक्क्याने त्या गहाण पडल्या. सोनार तपासणीला काळ्या दगडावर पाटली घासत होता तेव्हा वहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मी बरोबर होते. परतताना ती एवढंच म्हणाली, "बारशाच्या वेळी घातलेल्या, त्याला आता कुठं तीन वर्षं झाली." त्यानंतर पाटल्यांचं नाव तिने कधी काढलं नाही.

कारवाला पळून गेला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याच्या बाजूची चार माणसं फळांची पिशवी घेऊन आली, त्यात आमच्या ओळखीचा एक पुढारीही होता. वीस हजार देतो, मिटवून टाका, केस कशाला करता, तुमच्याही पोराला कोर्टकचेरीचा ताप. अण्णा जवळजवळ हो म्हणाले होते. आमच्याकडे 'मिटवून टाकणं' हा चांगुलपणा समजला जातो, आणि समोरचा माणूस हात जोडून उभा असला की नाही म्हणणं जड जातं. त्यात अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी विधानसभेची मतमोजणी होती, पोलीस बंदोबस्तात अडकलेले, त्यामुळे जबाबही झाला नव्हता. गुरुजी, म्हणजे आमचे शेजारी, अण्णांना बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्हाला पैसे त्या माणसानं द्यायचेच नाहीत. त्याच्या गाडीच्या विम्यानं द्यायचेत. गुन्हा नोंदला नाही तर विमा कंपनी ओळखसुद्धा देणार नाही." गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो रस्त्यावरच्या आपल्यासारख्यांसाठीच, आणि माणसाला झालेल्या इजेपुरती त्याला रकमेची मर्यादा नाही, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही दरवर्षी तो हप्ता पोलिसांना दाखवायचा कागद म्हणून भरत होतो. चौथ्या दिवशी गुन्हा नोंदवला.

मग लॉकडाऊन आला. मोटार अपघात न्यायाधिकरणात आमचा अर्ज दाखल व्हायला २०२१ उजाडलं. तेव्हा अर्जाला मुदतीची अट नव्हती. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांना कायद्याने सहा महिन्यांची घातली आहे. पण मुदत नव्हती तरी उशीर फुकटात पडला नाही. भरपाईवरचं व्याज फार तर अर्जाच्या तारखेपासून मिळतं, अपघाताच्या तारखेपासून नाही. पतसंस्थेचं व्याज मात्र पाटल्या तराजूत पडल्या त्या दिवसापासून चालू. मधल्या सव्वा वर्षाचं व्याज आमच्या अंगावर पडलं. वकील पहिल्याच महिन्यात गाठायला हवा होता. पण पहिल्या महिन्यात माणूस पायाकडे बघतो.

२०२३ मध्ये पुराव्याची वेळ आली तेव्हा आम्ही आईची गुलाबी पिशवी वकिलांच्या टेबलावर उपडी केली. मी ते दृश्य विसरू शकत नाही. मेडिकलच्या पावत्या त्या गुळगुळीत, यंत्रातून निघणाऱ्या कागदाच्या होत्या. चार वर्षांत त्यांच्यावरची शाई उडून गेली होती. पांढरे, किंचित पिवळट, कोरे कागद. काहींवर दवाखान्याचा निळा शिक्का तेवढा शाबूत, आणि शिक्क्याच्या वर काहीच नाही. आई एकेक कागद उचलून खिडकीपाशी नेत होती, तिरका धरत होती. "ह्यावर होतं गं, मी स्वतः ठेवलंय," म्हणत होती. वकील भले होते, त्यांनी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "आजी, तुमची चूक नाही. पहिल्याच दिवशी झेरॉक्स काढायची असते, हे कोणी सांगत नाही." दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरून काही बिलांच्या प्रती मिळाल्या, मेडिकलच्या मिळाल्या नाहीत. आम्ही ४,७१,००० चा उपचारखर्च मागितला होता, सिद्ध झाला ३,५२,०००. उरलेला जवळजवळ सव्वा लाख त्या उडालेल्या शाईबरोबर गेला. दादाने तो भरला होता हे आमच्यापैकी कोणीही शपथेवर सांगू शकलं असतं, आणि त्याने फरक पडला नसता.

कोर्टाच्या भाषेत दुखण्याचेही रकाने असतात. उपचारखर्च, प्रवासखर्च, विशेष आहार, शुश्रूषा, वेदना व यातना, बुडालेली कमाई, पुढची बुडणारी कमाई. मला सुरुवातीला ती यादी निष्ठुर वाटली. नंतर वाटलं, कोणीतरी बसून निदान विचार तरी केलाय की मोडलेल्या पायामागे काय काय जातं. दादाच्या कमाईचा पुरावा नव्हता. रिवाइंडिंगवाला कुठे रिटर्न भरतो? महिना पंचवीस हजार म्हणालो, न्यायाधिकरणाने दहा हजार धरले. अपंगत्वाचा दाखला पस्तीस टक्क्यांचा. विमा कंपनीच्या वकिलांचं म्हणणं, माणूस चालतो, दुकानात जातो, मग कमाई कुठे बुडाली? तेव्हा आमच्या वकिलांनी दादाला विचारलं, "मांडी घालून बसता येतं का?" दादा म्हणाला, "नाही." "उकिडवं?" "नाही." आणि मग दादाने भर कोर्टात समजावून सांगितलं की मोटारीचा स्टेटर, म्हणजे तिचा न फिरणारा भाग, दोन पायांच्या मध्ये जमिनीवर धरून, वाकून, खाचेत तार बसवावी लागते, आता तो टेबलावर ठेवून करतो, दिवसाला चार व्हायच्या तिथे दोन होतात, मोठी मोटार घेताच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून ठेवलंय की अवयवाचं अपंगत्व किती टक्के याच्यावर थांबू नका, त्या माणसाच्या धंद्यावर त्याचा काय परिणाम झाला ते बघा. आमच्या न्यायाधीशांनी ते पाहिलं.

शुश्रूषेच्या रकान्यात मात्र आम्हाला एकरकमी पंधरा हजार मिळाले. वहिनीने सात महिने दादाला उचलून बसवलं, भांडं दिलं, सळ्यांभोवतीची जागा दिवसातून दोनदा पुसली, रात्री दर तीन तासांनी उठली. आईने म्हशी आणि पोर सांभाळली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातात कायमची अंथरुणाला खिळलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात शुश्रूषेसाठी दोन माणसांचे मिळून महिना दहा हजार धरून, वर्षाचा आकडा अठराने गुणून, २१ लाख ६० हजार दिले. ती मुलगी आणि दादा यांची तुलना होत नाही, देवाने दादाला पाय परत दिला. पण घरच्या बाईचं जागरण मोजता येतं, त्याला आकडा लावता येतो, हे त्या निकालात मी पहिल्यांदा छापलेलं पाहिलं आणि वहिनीला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती पोरगी आता कशी आहे?"

ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त चटका लावला ती मला २०२५ मध्ये कळली. ५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोकडरहित उपचाराची योजना काढली. यादीतल्या दवाखान्यात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाखापर्यंतचा खर्च. कार्ड नको, डिपॉझिट नको. त्याच वर्षीच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी मुदत घालून द्यावी लागली होती, १४ मार्चची, तीही उलटली. आणि ही योजना करायची असं ज्या दुरुस्ती कायद्यात लिहिलंय, त्यावर राष्ट्रपतींची सही झाली ती ९ ऑगस्ट २०१९ ला. त्या दिवशी आमच्या भागात महापुराचं पाणी होतं. दादाला कारने उडवलं ते त्यानंतर अडीच महिन्यांनी. म्हणजे वहिनी काउंटरवर उभी होती तेव्हा तिच्या बाजूचं वाक्य कायद्यात छापलेलं होतं. ते काउंटरपर्यंत पोचायला आणखी साडेपाच वर्षं लागली. त्या साडेपाच वर्षांत किती घरांतल्या पाटल्या गेल्या असतील, याचा विचार मी रात्री करू लागले की झोप लागत नाही.

आमच्या अर्जाचा निकाल ऑगस्ट २०२४ मध्ये लागला होता. पैसे आले, काही बँकेत मुदतठेवीत अडकले. पाटल्या दादाने आधीच, २०२२ मध्ये, मोटारी गुंडाळून सोडवल्या होत्या. बाकीची नावं अण्णांनी एकेक करून फेडली आणि प्रत्येक नावापुढे लाल पेनने बरोबरची खूण केली. आत्याकडे मीही गेले होते. "माझं नाव लिहू नका," असं ती तेव्हा म्हणाली होती, तरी अण्णांनी लिहिलंच होतं. तिने पैसे घेतले, दोनदा मोजले, त्यातली पाचशेची नोट दादाच्या मुलीच्या हातात ठेवली आणि चहा टाकायला आत गेली.

वहीत एक नाव तसंच आहे, सगळ्यात वरचं. दवाखान्याच्या कागदांवर आणणाऱ्याच्या रकान्यात फक्त १०८ चा उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर, आणि आता कायद्यातही, जखमीला पोचवणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. त्याला पोलीस ठाण्याचे हेलपाटे पडू नयेत म्हणून. नियम चांगलाच आहे. अण्णांनी तीन डेअऱ्यांवर चौकशी केली, पण टेम्पोवरची पोरं सारखी बदलतात. दोन हजार रुपये दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पाकिटात आहेत. संध्याकाळी साडेसहानंतर हायवेवरून दुधाचे टेम्पो जायला लागतात. एखादा दुकानासमोर हळू झाला की दादा हातातली कॉइल ठेवतो आणि टेबलाला धरून उठायला लागतो. तो सरळ उभा राहीपर्यंत टेम्पो पुढे गेलेला असतो.